गोधडीची वही: ऑक्टोबर 2024 ते एप्रिल 2025

या वहीत आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही. गोधडीच्या तुकड्यांना आकडे दिलेत आणि माणसांनाही तेच आकडे लावलेत. मी तुकडा 3. ट्रान्समॅन, म्हणजे जन्माच्या नोंदीत मुलगी, प्रत्यक्षात पुरुष. वय 34, दिवसा एका छापखान्यात हिशेब लिहितो.

रविवार, 6 ऑक्टोबर 2024

सकाळी अकरा ते दोन, 'ओळखपत्र मार्गदर्शन शिबिर'. जागा: पर्वती पायथ्याला एका मैत्रिणीचं शिलाईचं दुकान आहे, त्याच्या वरची खोली. आले चार जण, त्यातले दोघे चहाला. फ्लेक्सवर खर्च साडेआठशे. म्हणजे माणशी दोनशे साडेबारा, चहा वेगळा.

या कामासाठीच्या फेलोशिपच्या अर्जात तीन रकाने होते: कागदपत्रं, आरोग्य, कला. पहिले दोन मला येतात. माझं स्वतःचं तृतीयपंथी ओळखपत्र (आम्ही नुसतं कार्ड म्हणतो) 2022 मध्ये झालंय, हार्मोन्सची पाच वर्षं झालीत. तिसऱ्या रकान्यात काय लिहावं ते रात्री एक वाजेपर्यंत सुचलं नाही. अंगावर आजीची गोधडी होती, म्हणून 'गोधडी' लिहून टाकलं. आता ती करणं आलं.

रविवार, 20 ऑक्टोबर

यावेळी शिबिर नाही. फोनवर एवढाच निरोप फिरवला: आयुष्यात कधीतरी अंगावर घातलेलं एक कापड घेऊन या, शिवायला बसू. अकरा जण आले!

तुकडा 1 म्हणजे नानी. साठीच्या पुढची, दोन नातचेल्यांना (चेलीच्या चेल्यांना) घेऊन आली. मला खालपासून वर न्याहाळलं, दाढीवर थांबली.
"तू कोण रे? मुलगी होतास?"
"घरचे तसं म्हणायचे."
"म्हणजे आमच्या उलट." मग चेलीकडे वळून, "याला बसायला दे, उभा काय ठेवलाय."
झाली ओळख. मी तीन महिने या भेटीची धास्ती घेतली होती. डेऱ्यातल्या, म्हणजे हिजड्यांच्या गुरू-चेल्यांच्या घरातल्या लोकांना आम्ही ट्रान्समॅन फारसे माहीत नसतो, आणि आम्हीही त्यांच्यापासून जरा अंग चोरूनच राहतो.

माप ठरलं. एक तुकडा एक हात बाय एक हात, म्हणजे अठरा इंच. सहा ओळी, ओळीत चार, एकूण चोवीस. पुरी झाली की नऊ फूट बाय सहा. अस्तराला जुन्या बाजारातून सुती नऊवारी आणायची. मी आणलेल्या सुया नानीनं बाजूला सारल्या: "ह्या भरतकामाच्या. वाकळीला लांब, जाड सुई लागते. आणि धावदोरा कडेकडून आत आणायचा, मधूनच सुरू केलास तर फुगा येतो."

कापडं अशी आली. नानीची हिरवी साडी, डेऱ्यात घ्यायची रीत झाली त्या दिवशी गुरूनं अंगावर घातलेली. माझा आठवीचा निळा स्कर्ट. तुकडा 7 चा सिक्युरिटी गार्डचा शर्ट, खिशावरची पट्टी उसवलेली. तुकडा 9 नं छाती आवळायला वापरलेली क्रेप बँडेज आणली. ती ताणते, शिवायला नाठाळ आहे. (हिनं छाती बांधूच नये, झोपताना तर नाहीच, हे त्याला सांगून झालंय. तो ऐकत नाही. मीही ऐकत नव्हतो.)

पाऊणएक तास नुसती शिवण चालली. मग तुकडा 7 नं मान वर न करता विचारलं, "दादा, त्या कार्डासाठी डॉक्टर कपडे काढायला लावतात का?"

फ्लेक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात हेच लिहिलं होतं की लावत नाहीत. पण फ्लेक्स कोण वाचतो! सांगितलं सगळं. 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की आपण कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं. 2019 चा कायदा आणि 2020 चे नियम यांनुसार अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर होतो, सोबत शपथपत्र जोडायचं. तपासणी नाही. जिल्हाधिकाऱ्यानं तीस दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. तपासणीचा नाही पण दाखल्याचा प्रश्न येतो तो पुढच्या पायरीला. प्रमाणपत्रावर 'तृतीयपंथी' ऐवजी 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल, तर वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो.

हात कामात असले की माणसं विचारतात. समोरासमोर खुर्च्या टाकून मी हे वर्षभर विचारत बसलो असतो. आठ जणांची यादी आज झाली.

3 नोव्हेंबर

दिवाळी. कुणी येणार नव्हतंच. बाजार मागणाऱ्यांचा, म्हणजे दुकानोदुकानी पैसे मागणाऱ्यांचा, हा हंगाम. माझा पाडवा शपथपत्रांचे मसुदे टाइप करण्यात गेला.

शनिवार, 9 नोव्हेंबर

आठपैकी पाच अर्ज चढले. तीन अडले ते घराच्या पुराव्यावर. अर्जदार ज्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहतोय तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज जातो. डेऱ्यात भाडेकरार कोण करतं? वीजबिल घरमालकाचं, घरमालक म्हणतो माझं नाव कुठं देऊ नका. तुकडा 14 चं आधार अजून नांदेडच्या पत्त्यावर आहे आणि त्या घरात पाय ठेवायची सोय नाही.

एका कार्यालयात तुकडा 16 ला सांगण्यात आलं, "आईला घेऊन या." ती 41 वर्षांची आहे. आई 2009 साली गेली.

आधारबाबत सगळ्यांना बजावलं: लिंग एकदाच बदलता येतं, घाई करू नका. आधी कार्ड, मग राजपत्रात नाव, मग आधार, बँक, पॅन. हा क्रम चुकला की वर्ष जातं. माझं गेलंय.

बुधवार, 20 नोव्हेंबर

आज विधानसभेचं मतदान, आणि आजच ट्रान्सजेंडर स्मृतिदिन. 1999 मध्ये अमेरिकेत सुरुवात झाली, आता जगभर 20 नोव्हेंबरला द्वेषापोटी मारल्या गेलेल्यांची नावं वाचतात. आम्ही संध्याकाळी वाचायचं ठरवलं होतं. पण सकाळी रांगेत उभं राहायचं काम मोठं होतं.

राज्याच्या मतदार यादीत तृतीयपंथी म्हणून नोंद झालेले मतदार 6,101. एकूण मतदार नऊ कोटी सत्तर लाखांवर. 2011 च्या जनगणनेत मात्र महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात 40,891 जण होते. तो आकडाही कमीच धरायचा, त्यात लहान मुलंही मोजलेली. तरी मधली माणसं गेली कुठं? आमच्या खोलीतच उत्तर होतं. आज मत दिलेल्या नऊ जणांपैकी यादीत तृतीयपंथी म्हणून तिघंच. बाकीचे जन्माच्या रकान्यात उभे राहून आले. तुकडा 5 पुरुषांच्या रांगेत साडी नेसून उभी होती. कुणी काही बोललं नाही म्हणे, पण कुणी बघायचंही सोडलं नाही.

रावेरमधून तृतीयपंथी उमेदवार शमिभा पाटील उभ्या आहेत, त्यावर बराच वेळ चर्चा. नानीला तरंगफळच्या तृतीयपंथी सरपंचांचीही आठवण झाली. माळशिरस तालुक्यातलं ते गाव, 2017 ची निवडणूक. "गावानं निवडून दिलं ते. शहरानं अजून कुठं दिलंय?" पुणेकर म्हणून मला उत्तर सुचलं नाही.

संध्याकाळी नावं वाचली. चार आमच्या माहितीतली. ती इथं लिहीत नाही.

15 डिसेंबर

मार्गशीर्ष पौर्णिमा. तुकडा 12 आणि 13 यल्लम्माचे जोगते आहेत, ते सौंदत्तीला गेलेत. पाच जणांत दोन ओळी जोडल्या.

सोमवार, 23 डिसेंबर

ही नोंद सलग लिहीत नाही, कालपासून झोप नाही.

काल दुपारी तुकडा 11 शिवता शिवता डावा पाय सारखा लांब करत होती. वय 26. पोटरी टम्म, गरम, दाबली की कळवळायची. म्हणाली, सिग्नलला उभं राहून होतं तसं. गोळ्या कुठल्या घेतेस विचारलं. गर्भनिरोधक, दुकानातून, डेऱ्यातल्या मोठ्या बहिणीनं सांगितलेल्या. किती? "चार. कधी पाच. लवकर फरक पडावा म्हणून."

या गोळ्यांतलं इस्ट्रोजेन बहुतेक वेळा इथिनिल इस्ट्राडिऑल असतं. यकृतात ते लवकर मोडत नाही आणि रक्त गोठवणारे घटक वाढवतं. म्हणूनच ट्रान्स स्त्रियांच्या उपचारांतून ते कधीच बाद झालंय. डॉक्टर साधं इस्ट्राडिऑल देतात, मोजून, रक्त तपासत. पण डॉक्टरकडे जायचं तर तिथं नाव सांगावं लागतं. दुकानात नुसतं पाकीट दाखवलं की झालं. तिचा हिशेब मला कळतो. मीही पहिलं इंजेक्शन जिममधल्या एका ओळखीतून घेतलं होतं.

रिक्षानं हॉस्पिटल. केसपेपरवर दोनच खाने. बराच वेळ पेन हवेत. शेवटी 'एम' वर खूण. मग, "नातेवाईक कोण?" तिची गुरू सोलापूरला. नानी पुढं झाली.
"पेशंट तुमची कोण?"
"मी नानी तिची."
"नानी म्हणजे आजी ना?"
नानीनं माझ्याकडे पाहिलं. "हां. आजी."
लिहिलं 'आजी'. सही नानीची. डेऱ्याच्या नात्यात गुरूची गुरू म्हणजे नानीच, तेव्हा खोटं काही नव्हतं. सरकारी कागदावर आमचं नातं बरोबर लिहिलं गेलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही चुकून.

डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, केलं. पोटरीपासून मांडीपर्यंत शिरेत गुठळी. तिथून सुटून फुफ्फुसात गेली असती तर विषय संपला होता, असं तरुण डॉक्टरीण बाई सरळ म्हणाल्या. त्यांनी पोटात इंजेक्शनं सुरू केली, गोळ्या बंद. ओरडल्या नाहीत, "तुला काय म्हणून हाक मारू?" असं विचारलं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते तसं नव्हतं. पुरुषांच्या वॉर्डात ती जाईना, बायकांच्या वॉर्डातले नातेवाईक घेईनात. खाट पॅसेजमध्ये लागली. रात्री दोनला दाराच्या फटीतून गार वारा. पिशवीत जोडलेल्या दोन ओळी होत्या, तीन फूट बाय सहा. नानीनं त्याच घातल्या तिच्या अंगावर.

पहाटे ती किंचाळून उठली. मला वाटलं गुठळी सुटली. टाचण्या राहिल्या होत्या आत.

मंगळवार, 14 जानेवारी 2025

संक्रांत. तुकडा 11 घरी आलीय, गुठळी विरघळेपर्यंत रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या गोळ्या चालू. पुढं इस्ट्रोजेन घ्यायचंच तर त्वचेवर लावायचं जेल बघू, त्यात गुठळीचा धोका कमी, असं हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं. तेही सहा महिन्यांनंतर.

आज तिनं आपला तुकडा बदलला. आधी ओढणी होती. आता काळ्या कापडावर गोळ्यांच्या रिकाम्या पत्र्या टाचल्यात, एकोणीस. उन्हात चमकतात. चित्रकलेच्या कॉलेजातली एक मुलगी मदतीला येते, ती एकदम खूश. नानी भडकली.
"ही धुणार कशी?"
"नानी, ही धुवायची नाहीये, भिंतीवर लावायची आहे."
"भिंतीला थंडी वाजते का?"

मुलीनं एड्स क्विल्टबद्दल सांगितलं, एड्सनं गेलेल्यांच्या नावाची गोधडी. 1987 साली वॉशिंग्टनला मैदानावर अंथरलेली, 1,920 फलक, प्रत्येक तीन फूट बाय सहा, कबरीच्या मापाचा. नानीनं नीट ऐकून घेतलं. तिनं स्वतः नव्वदीत किती जणांना खांदा दिलाय ते तिलाच माहीत. मग म्हणाली, "ती मेलेल्यांची होती, बरोबर आहे. आम्ही अजून जिवंत आहोत ना? मग अंगावर येईल अशी करा."

तोडगा निघाला नाही. पत्र्या तूर्त राहिल्या. तिळगूळ मात्र सगळ्यांनी खाल्ला.

शुक्रवार, 31 जानेवारी

मित्र क्लिनिक बंद. हैदराबाद, कल्याण आणि आपलं पुण्याचं, तिन्ही. 20 जानेवारीला अमेरिकेच्या नव्या राष्ट्राध्यक्षांनी परदेशी मदत नव्वद दिवस रोखायचा हुकूम काढला. यूएसएडचा, म्हणजे अमेरिकेच्या परदेशी मदत संस्थेचा, पैसा थांबला आणि क्लिनिकची दारंही. हैदराबादचं 2021 मध्ये सुरू झालं तेव्हा देशात तसं दुसरं नव्हतं. हार्मोन्सचा सल्ला, समुपदेशन, एचआयव्ही तपासणी एका छताखाली, आणि आत काम करणाऱ्यांत आपलीच माणसं. तिथं 'एम की एफ' वर पेन थांबायचं नाही.

आमच्या चोवीसांतले सहा जण तिथं जायचे. आज सहाही जणांचे फोन येऊन गेले. प्रत्येकाचा प्रश्न एकच, पुढची चिठ्ठी कोण लिहिणार. तुकडा 20 थेट म्हणाली, "मग मी परत दुकानातून घेते." तिला 11 चा नंबर दिला. माझ्यापेक्षा तीच नीट सांगेल.

वॉशिंग्टनला एक सही झाली आणि पर्वती पायथ्याला रक्ततपासणी थांबली. आपल्या सरकारनं ऑगस्ट 2022 मध्ये तृतीयपंथींसाठी आयुष्मान टीजी प्लस ही आरोग्य योजना जाहीर केली, वर्षाला पाच लाखांचं कवच. ती कार्डाशी जोडलेली. परवा एका हॉस्पिटलच्या योजना खिडकीवर विचारलं, तर त्यांनी हे नाव माझ्याकडूनच लिहून घेतलं.

रविवार, 16 फेब्रुवारी

दोन आठवडे डॉक्टरांच्या यादीत गेले. मी आणि तुकडा 7 नं बावीस दवाखान्यांत प्रत्यक्ष जाऊन विचारलं. प्रश्न तीनच: ट्रान्स पेशंट बघता का, फी किती, नाव कसं पुकारता. सात जण यादीत आले. त्यातल्या एकांनी फी निम्मी केली. एकांनी "आमच्या बाकीच्या पेशंटना चालणार नाही" म्हणून चहा पाजून पाठवलं. यादी छापायची नाही, तोंडी आणि हस्ताक्षरातच द्यायची, असं सगळ्यांचं मत.

त्यात माझाही रिपोर्ट आला. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, 53. चोपन्नला डोस कमी करतात. टेस्टोस्टेरॉननं रक्त दाट होतं हे मी बैठकीत इतक्यांदा सांगितलंय आणि स्वतःची तपासणी चौदा महिने टाळली होती. नानीला कळलं. अर्धा तास ऐकून घेतलं.

रविवार, 9 मार्च

चोवीस तुकडे जोडून झाले. कडेनं पट्टी बाकी.

आज चिठ्ठ्यांवर वाद. प्रदर्शनात प्रत्येक तुकड्याशेजारी माहितीच्या दोन ओळी असाव्यात का? मला एक तरी चिठ्ठी हवीच होती. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग आमच्यावर होता. इंग्रजांनी उत्तर हिंदुस्थानात नोंदणी केलेल्या 'हिजड्यानं' रस्त्यावर बाईचे कपडे घातलेले दिसले, तर दोन वर्षांपर्यंत कैद. कापडाचा गुन्हा होता हो! म्हणून कापडाचीच वस्तू करतोय, हे लोकांना कळायला नको?

तुकडा 5 ला पटलं नाही. "आपण पुण्यात आहोत. इथं पुरुषानं शालू नेसला तर त्याच्या नावानं नाट्यगृह बांधतात. आपण नेसला की चिठ्ठी लावायला लागते." बालगंधर्वांवर तिचा राग नाही, तिच्या खोलीत त्यांचा फोटो आहे. पुण्यावर आहे.

एक चिठ्ठी ठेवली. बाकी तेवीस नाहीत.

रविवार, 30 मार्च

आज गुढीपाडवा, उद्या ईद, आणि उद्याच 31 मार्च, ट्रान्सजेंडर दृश्यमानता दिन. उद्या सुट्टी म्हणून सभागृह आज आणि उद्या दोन्ही दिवस मिळालं. नानीची मोठी पंचाईत, सकाळी गुढी उभारायची, संध्याकाळी चांदरात. तिचं घराणं मुसलमानी रिवाजाचं, ती स्वतः इंदापूरकडची धनगर. तिला यात काहीच अडचण वाटत नाही, फक्त दोन्हीकडचा स्वयंपाक.

गोधडी टांगली. वजन अंदाजापेक्षा जास्त, पहिली काठी वाकली. मग पडदे लावायचा लोखंडी पाइप आणला.

(31 ची रात्र.) दोन दिवसांत लोक बरे आले. एक आजोबा तुकडा 7 च्या शर्टासमोर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "या कंपनीत माझा मुलगा होता." पुढं काही बोलले नाहीत. कॉलेजची मुलं पत्र्यांसमोर फोटो काढत होती. तुकडा 11 बाजूला उभं राहून प्रत्येकाला सांगत होती, "मी चार खायचे. पाय सुजला." तिसऱ्या तासाला तिचा आवाज बसला, पण बसायला तयार नाही. दोघी तिथंच डॉक्टरांची यादी विचारायला आल्या. आमच्या ओळखीच्या नव्हत्या. एकीला तिची आई घेऊन आली होती.

एका गॅलरीवाल्यांनी विकत घ्यायची तयारी दाखवली. रक्कम ऐकून खोलीचं वर्षाचं भाडं डोळ्यांसमोर आलं. हो म्हणायच्या बेतात होतो. सगळ्यांना विचारून सांगतो म्हटलं.

मंगळवार, 15 एप्रिल

नालसाला आज अकरा वर्षं.

हिशेब: अर्ज 17. कार्डं हातात 9. चार प्रलंबित, त्यातला एक तीस दिवसांच्या मुदतीपुढं एक्केचाळीस दिवस. चार पत्त्यावर अडलेले. तुकडा 14 चा नांदेडचा पत्ता अखेर बदलला. खोलीच्या मालकिणीनं स्वतः येऊन सही केली, मेहनत नानीची.

गोधडी विकायची नाही, चौदा विरुद्ध आठ. मी आठात होतो. दोन जण बाजारात होते.

ती हॉस्पिटलच्या पिशवीत राहणार. कुणी भरती झालं की सोबत जाईल, घरी आलं की परत येईल. त्यासाठी धुवायला हवी, म्हणून तुकडा 11 नं काल पत्र्या उसवल्या. काळ्या कापडावर भोकांच्या एकोणीस चौकटी राहिल्यात. ती त्या बुजवू देत नाही. आज सकाळी गच्चीवर तिघांनी मिळून पिळली. नानीच्या हिरव्याचा रंग माझ्या निळ्या स्कर्टात उतरलाय. क्रेप बँडेज आटलं, तो कोपरा आता वर ओढला जातो. वाळायला दोन दिवस लागतील.

उद्या: तुकडा 18, नोटरी, साडेदहा. नानीचे गुडघ्याचे एक्सरे आणायचे. नऊवारी अस्तर दोन ठिकाणी विरलंय, जुना बाजार बुधवारी असतोच.